मॉडेल ऐनवेळी आली नाही तर? दुकानाचं फोटोशूट फसू नये म्हणून



मागच्या व्हिडिओत आपण मोबाईलवर साडीचे फोटो कसे काढायचे ते बघितलं. गंमत अशी की त्यावर आलेले बहुतेक प्रश्न कॅमेऱ्याचे नव्हतेच. "दादा, मॉडेल हो म्हणते आणि येत नाही", "आदल्या रात्री मेसेज करते की जमणार नाही", "फोनच उचलत नाही". कुणाचं साडीचं दुकान, कुणाचं बुटिक, एक जण इमिटेशन ज्वेलरीवाले. रडगाणं एकच. व्हिडिओच्या दहा मिनिटांत हे सगळं मावत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. थोडा हिशेबही आहे, तेव्हा वही जवळ ठेवा.

आधी माझाच किस्सा सांगतो. त्यात माझी बाजू काही फार चांगली नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सांगलीत आमचं साड्यांचं दुकान. संक्रांतीला काळ्या साडीला वर्षातून एकदाच मान, त्यामुळे तो माल आमच्याकडे नोव्हेंबरमध्येच भरलेला असतो. संक्रांत जानेवारीच्या १४-१५ तारखेला. त्यानंतर दोन दिवसांनी काळी साडी विचारायला कुणी येत नाही, आणि उरलेला गठ्ठा पुढच्या वर्षापर्यंत कपाटात पडून राहतो. म्हणजे फोटो डिसेंबरच्या मध्यापर्यंत हातात पाहिजेत. त्या वर्षी मी सगळं ठरवलं: स्टुडिओ अर्ध्या दिवसाला २,५०० रुपये, फोटोग्राफर ६,०००, मेकअपवाल्या ताई ३,५००. शिवाय हलव्याचे दागिने १,५०० चे. एकूण १३,५००. आणि मॉडेल? शून्य. कोलॅब होतं ना! तिला फोटो मिळणार, आम्हाला फोटो मिळणार, कुणी कुणाला पैसे द्यायचे नाहीत. मुलगी कोल्हापूरची, कॉलेजला जाणारी, एसटीने येणार होती. एसटीचं भाडंसुद्धा मी विचारलं नव्हतं.

वेळ सकाळी दहाची. मी साड्यांचे बॉक्स गाडीवर बांधून सव्वादहाला पोचलो. मॉडेल नाही. फोटोग्राफरचा मुलगा म्हणाला, "आली होती. पाणी घेऊन येते म्हणून खाली गेली." अर्धा तास झाला, तास झाला. फोन आधी वाजत होता, मग बंद. अकराला मेकअपच्या ताई आल्या, त्याही बसून राहिल्या. दीड वाजता आम्ही गुंडाळलं. स्टुडिओचे पैसे गेले, फोटोग्राफरने माणुसकीने अर्धेच घेतले, ताईंना मी अर्धे दिले. हलव्याचे दागिने घरी भाचीने खाल्ले.

मी भडकलो होतो. आली आणि निघून गेली, म्हणजे नखरेच की! आमच्या भागातल्या फोटोग्राफर आणि दुकानदारांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यावर मी तिचं नाव टाकून लिहिलं, "हिला कोणी काम देऊ नका, ऐनवेळी पळून जाते." पंधरा-वीस जणांनी अंगठे दाखवले. मला बरं वाटलं.

फेब्रुवारीत पाडव्याच्या शूटची तारीख ठरवायला त्याच मेकअपच्या ताई दुकानात आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "दादा, त्या दिवशी ती पोरगी का गेली माहितीये का तुम्हाला?" मला काय माहिती असणार, मी विचारलंच नव्हतं. झालं होतं असं. ती बरोबर दहाला दुसऱ्या मजल्यावर चढून गेली. खालचं गोडाऊन बंद, जिन्यात अंधार. वर तीन अनोळखी पुरुष, बाई एकही नाही. तिने विचारलं, ताई आल्या नाहीत का? मुलगा म्हणाला, येतील, तुम्ही आत चेंज करून बसा. आत म्हणजे काय, तर एका कोपऱ्याला लावलेला पडदा. ती खाली आली, स्टँडवर जाऊन पहिली एसटी पकडली आणि घाबरून फोन बंद केला. तिने संध्याकाळी ताईंना मेसेज करून सगळं सांगितलं होतं. मला सांगायचं धाडस झालं नाही, कारण तोपर्यंत माझा ग्रुपवरचा मेसेज तिच्यापर्यंत पोचला होता. दोन दुकानांनी तिला दिलेलं काम काढून घेतलं होतं. तिथे मात्र तिला पैसे मिळणार होते.

आता बघा. मॉडेलला दहाची वेळ मी दिली होती. ताईंना अकराची वेळही मीच दिली होती, कारण माझ्या डोक्यात हिशेब असा की ताई ज्यादा तास कशाला थांबवायच्या. स्टुडिओ मी आधी बघितलाच नव्हता. आणि मुलगा मला सरळ सांगत होता की आली होती, खाली गेली. सगळी माहिती समोर होती, पण मी एकच शब्द धरून बसलो: अनप्रोफेशनल.

मी तिला फोन करून माफी मागितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, ग्रुपवर लिहाल का?" लिहिलं. तेव्हा अंगठे तीनच आले.

हे सगळं सांगायचं कारण असं की त्यानंतर मी जिच्या-जिच्याबरोबर काम केलं, तिला शूट संपल्यावर चहा पिताना एक प्रश्न विचारत आलोय: तुम्ही कधी कुणाच्या शूटला जायचं टाळलंय का, आणि का? जवळजवळ प्रत्येकीने टाळलेलं असतं. आणि कारणं ऐकली की आपल्याला आपलाच आरसा दिसतो. पत्ता दिला नव्हता, नुसतं "स्टँडजवळ या, फोन करा". कोण कोण असणार ते सांगितलं नाही. आदल्या दिवशी पैसे देणारं दुसरं काम आलं. घरच्यांनी विचारलं कुठे चाललीस, तर सांगायला दुकानाचं नावही माहीत नव्हतं. एकीने सांगितलेलं तर माझ्या डोक्यात बसलंय: "तीन दुकानांनी कोलॅब करून घेतलं आणि फोटो दिलेच नाहीत. चौथ्या वेळी मी गेले नाही." म्हणजे फोन न उचलणारे आपल्यातही कमी नाहीत.

अर्थात सगळीच चूक दुकानदाराची असं मी म्हणत नाही. खरंच बेभरवशाची माणसं असतात, त्यांच्यावर पुढे येतोच. पण आधी आपल्या हातात काय आहे ते बघू.

पैशाचं गणित आधी

वरचा हिशेब परत काढा. बाकीच्यांवर १३,५०० रुपये लावले आणि ज्या एका व्यक्तीशिवाय त्यातला एक रुपयाही वसूल होणार नव्हता, तिला शून्य. सगळं ओझं एकाच खुंटीवर टांगलं आणि खुंटी ठोकायला खिळाही आणला नाही. बीबीएला ऑपरेशन्सच्या सरांनी क्रिटिकल पाथ फळ्यावर काढून शिकवला होता: कोणतं काम अडलं की पुढचं सगळं अडतं ते आधी शोधा. मी तो दहा मार्कांपुरता पाठ केला आणि परीक्षेनंतर विसरलो. शूटमध्ये ते काम म्हणजे मॉडेल वेळेवर, निर्धास्त मनाने हजर असणं. तिथे पैसे वाचवायचे नाहीत.

आता मी अर्ध्या दिवसाचे मॉडेलला ३,००० देतो. त्यातले १,००० तारीख ठरली की लगेच यूपीआयने, आणि येण्या-जाण्याचं भाडं वेगळं. तुमच्या गावात दर कमी-जास्त असेल. आकड्यापेक्षा हे महत्त्वाचं की रक्कम ठरलेली हवी, लिहिलेली हवी आणि काही भाग आधी पोचलेला हवा. ज्याने ॲडव्हान्स घेतला तो निदान फोन तरी करतो. पूर्ण रक्कम आधी मात्र देऊ नका, तीही चूक मी केलेली आहे.

कोलॅब वाईट नाही. नवीन मुलीला चांगल्या फोटोंची खरंच गरज असते. पण मग कोलॅबलाही पैशाच्या कामासारखं वागवा. किती फोटो, एडिट करून की कच्चे, कोणत्या तारखेपर्यंत, हे सगळं आधी सांगा, आणि ती तारीख तुम्ही पाळा. त्या दिवशी तिला पैसे देणारं काम आलं तर ती जाईल हे धरूनच चाला. तुम्ही असता तर तुम्हीही गेला असता.

मेसेज कसा लिहायचा

बहुतेकांचा मेसेज असा असतो: "हाय, शूट आहे, रविवारी फ्री आहेस का?" यावर "हो" आलं की आपण समजतो बुकिंग झालं. ते बुकिंग नाही. तिने फक्त इतकंच सांगितलं की आत्ता या क्षणी रविवारी काही ठरलेलं नाही.

मी आता जो पाठवतो तो इथे देतो, हवा तसा बदलून वापरा:

"नमस्कार मॅडम. आमचं सांगलीत साड्यांचं दुकान आहे (दुकानाचं नाव, पत्ता, पेजची लिंक). मंगळवारी सकाळी १० ते दुपारी २ शूट आहे. ठिकाण: (पूर्ण पत्ता, लोकेशन, स्टुडिओचा आतला फोटो). ८ साड्या, त्यातल्या २ नऊवारी. ब्लाऊज आमचे. मेकअप आणि साडी नेसवायला ताई सकाळी ९.४५ पासून तिथे असतील, त्यांचा नंबर देत आहे, तुम्ही बोलून घ्या. याशिवाय फोटोग्राफर, एक मदतनीस आणि मी. चेंजिंग रूम वेगळी आहे, आतून कडी आहे. सोबत आई, बहीण, मैत्रीण कुणीही आलं तर चालेल, जेवण आमच्याकडे. मानधन ३,०००, पैकी १,००० आज, बाकी शूट संपल्यावर तिथेच. फोटो दुकानाचं पेज, व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉग आणि दुकानातला बोर्ड इथे वापरणार. मान्य असेल तर 'मान्य' लिहून पाठवा, काही शंका असेल तर फोन करा."

लांब आहे, माहितीये. पण यातल्या प्रत्येक वाक्यामागे कुणीतरी न आलेली मॉडेल उभी आहे. हा मेसेज ती घरी आईला किंवा नवऱ्याला दाखवू शकते, हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा. आपल्याकडे मॉडेलचा निर्णय बऱ्याचदा तिचा एकटीचा नसतो. आपण तिला घरी दाखवायला काहीतरी दिलं पाहिजे.

आणि मेसेजमध्ये लिहिलंत तसं खरंच असायला हवं. कडी आहे म्हटलं की स्वतः जाऊन लावून बघा. ताई ९.४५ ला म्हटलं की ताईंना ९.३० ची वेळ द्या आणि तो जादा अर्धा तास त्यांच्या बिलात धरा. मैदानात, नदीच्या घाटावर, शेतात शूट ठेवायची हौस असेल तर आधी एवढंच विचारा: साडी बदलायची कुठे? गाडीत म्हणत असाल तर ती जागा शूटसाठी नाही. पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीतल्या जुन्या वास्तूंमध्ये व्यावसायिक शूटिंगला आधी परवानगी लागते, हेही विसरू नका. शनिवारवाड्यासारख्या ठिकाणी पोचल्यावर अडवलं की मेकअप केलेली मॉडेल रस्त्यावर उभी राहते.

तारीख कॅलेंडर बघूनच

हे कुणी सांगत नाही. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते. मुहूर्ताच्या दिवशी चांगली मेकअप आर्टिस्ट नवरीकडे असते, चांगला फोटोग्राफर लग्नात असतो, आणि मॉडेल? तीही मावसबहिणीच्या हळदीला असते. घरातलं कॅलेंडर काढा आणि लग्नाच्या मुहूर्तांवर आधी फुली मारा. शनिवार-रविवार सोडून द्या. मग कॉलेजची मुलगी असेल तर परीक्षा बघा. आमच्याकडे शिवाजी विद्यापीठाच्या परीक्षा नेमक्या संक्रांतीच्या आणि लग्नाच्या शूटच्या तोंडावर येतात. "फ्री आहेस का" हे विचारूच नका. "त्या आठवड्यात परीक्षा, सबमिशन, घरात कार्य काही आहे का?" असं विचारा. खरं उत्तर त्यावर मिळतं. पितृपक्षात काही जणी नवीन काम धरत नाहीत, पण स्टुडिओ मोकळे असतात. दसऱ्या-दिवाळीच्या मालासाठी मी पितृपक्षाच्या आधीचा आठवडा पकडतो.

फिटिंग: हीच खरी परीक्षा

सगळ्या युक्त्यांमध्ये माझी आवडती ही. शूटच्या तीन-चार दिवस आधी ब्लाऊजच्या फिटिंगला बोलवा, दुकानात, दिवसाढवळ्या, दुकानातल्या मावशी हजर असताना. भाड्याचे आणि वेळेचे मिळून ३०० रुपये द्या. मला ३४, ३६, ३८ असे तीन मापांचे ब्लाऊज ठेवायला लागतात, दंडाला आणि पाठीला मार्जिन सोडून. मागून क्लिप लावून निभावतं, पण दंडात घट्ट झालेला ब्लाऊज फोटोत लपत नाही. त्यामुळे फिटिंगची गरज खरीच आहे. पण त्यात दुसरी गोष्ट आपोआप होते. ती दुकान बघते, माणसं बघते. आपल्यालाही कळतं ती वेळेवर येते का. माझा अनुभव असा की फिटिंगला आलेली मुलगी शूटला चुकत नाही. जी फिटिंग दोनदा पुढे ढकलते, तिच्यासाठी मी तिसऱ्यांदा वाट बघत नाही, त्याच दिवशी दुसरीला विचारतो. तीन-चार दिवस हातात असल्यावर राग येत नाही, हा त्यातला बोनस.

लांबून येणारी असेल तर तिच्या नीट बसणाऱ्या ब्लाऊजची मापं मागवा आणि व्हिडिओ कॉलवर दुकान, स्टुडिओ दाखवा. नथ दाबाची ठेवा, प्रत्येकीचं नाक टोचलेलं नसतं. एवढ्याशा गोष्टीवरून अर्धा तास जातो.

दुसरी मॉडेल ठेवायची का?

ठेवायची, पण सांगून. एकदा मी हुशारी केली. एक येणार नाही अशी शंका होती म्हणून दोघींना एकच वेळ दिली, एकमेकींचं न सांगता. दोघीही दहाला हजर! एकमेकींच्या ओळखीच्याही निघाल्या. दुसरीला मी काय सांगितलं ते लिहायची लाज वाटते. आता सरळ सांगतो: "तुम्ही स्टँडबाय आहात. दिवस मोकळा ठेवायचे ५०० रुपये, बोलावलं तर पूर्ण मानधन. सकाळी साडेदहापर्यंत कळवतो." बहुतेक जणी खुशीने तयार होतात. आणि साडेदहाला कळवायचं म्हणजे कळवायचं, नको असेल तरीही.

आदल्या दोन दिवसांत माझे दोन मेसेज असतात. दोन दिवस आधी: "पत्ता परत पाठवतोय, कोण सोबत येणार आहे?" असा, उत्तर द्यावंच लागेल असा प्रश्न. आदल्या संध्याकाळी: "सकाळी निघालात की कळवा." "कन्फर्म ना?" असं विचारू नका, त्याला लोक न वाचताच हो म्हणतात.

ती नाहीच आली तर पहिला तास वाया घालवू नका

शूटचा आराखडाच असा करा की पहिल्या तासात मॉडेल लागत नाही. पदर आणि काठाचे जवळून फोटो घ्या. उजेड समोरून नको, एका बाजूने तिरका पाडा, म्हणजे विणकाम उठून दिसतं. खिडकीचा उजेड असेल तर समोरच्या बाजूला पांढरं थर्माकोल धरा. निऱ्या आदल्या संध्याकाळी इस्त्री करून पुतळ्यावर लावून ठेवा. पदर धरलेला हात हवा असेल तर दुकानातल्या मावशींचा चालतो, बांगड्या भरल्या की झालं. एवढं झालं की मॉडेल अर्धा तास उशिरा आली तरी तुमचं तोंड वाकडं होत नाही, आणि तुमचं तोंड वाकडं असलं की फोटोत तिचं हसू येत नाही. पोर्ट्रेटमध्ये हे फार दिसतं. घाबरलेल्या, बोलणी खाल्लेल्या मुलीचे खांदे वर चढलेले असतात, मग कितीही चांगली लेन्स लावा.

मॉडेल आल्यावर क्रम कोणता? सगळ्यात सुंदर साडी आधी, असं करू नका. ज्या साडीचा स्टॉक सगळ्यात जास्त ती आधी. तिला लवकर जावं लागलं, लाईट गेली, काहीही झालं, तरी ज्यात पैसे अडकलेत तिचा फोटो हातात असतो. नऊवारी नेसवायला वेळ लागतो, ती मधल्या सुट्टीनंतर ठेवा.

आणि खरंच नाही आली, तर अर्धा तास थांबा, एक फोन करा, एक मेसेज टाका: "तुम्ही ठीक आहात ना? आज जमत नसेल तर कळवा, आम्ही स्टँडबायला बोलावतोय." सतरा मिस्ड कॉल नकोत. घरच्यांच्या नंबरवर "तुमची मुलगी आली नाही" असा फोन तर मुळीच नको. पुढे कुणी त्या मुलीबद्दल विचारलं, तर जेवढं घडलं तेवढंच सांगा. ग्रुपवर नाव टाकून काय होतं ते वर लिहिलंच आहे.

बेभरवशाची माणसं

आहेत. आदल्या रात्री दहाला "दादा, पाच हजार करा नाहीतर जमणार नाही" असा मेसेज मला आलेला आहे. मी वाढवले नाहीत. एकदा वाढवले की पुढच्या वेळी रात्री बाराला मेसेज येतो. तिला "ठीक आहे, ॲडव्हान्स परत पाठवा" लिहिलं आणि स्टँडबायला फोन केला. ॲडव्हान्स काही परत आला नाही. हजार रुपयांत माणूस कळला म्हणायचं. अशांची नावं माझ्या वहीत आहेत. ती वही दुकानाच्या गल्ल्यात असते आणि तिथेच राहते.

ओळखायच्या खुणा सांगतो: पैशाच्या प्रश्नाला लगेच उत्तर, वेळेच्या प्रश्नाला दोन दिवसांनी. फिटिंगला टाळाटाळ. पूर्ण रक्कम आधी मागणं. आधीच्या कामाचे फोटो दाखवते, पण ते कुणासाठी केलं हे सांगत नाही. यातली एखादी खूण दिसली म्हणून लगेच नाही म्हणू नका, कारण नवीन मुलगीही गोंधळलेली असते. दोन-तीन एकत्र दिसल्या तर स्टँडबायलाच मुख्य करा.

आणि एक पर्याय जो मी उशिरा शोधला: आपलं गिऱ्हाईक. आमच्याकडे बँकेतून रिटायर झालेल्या एक काकू वर्षानुवर्षं इरकल घेतात. मागच्या वर्षी त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, माझे केस पांढरे." म्हटलं, तेच पाहिजेत. त्यांनी मुलाला, सुनेला विचारलं, सूनच त्यांना घेऊन आली, सांगितलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी. त्या फोटोवर इरकलची जेवढी चौकशी आली तेवढी त्याआधी कधी आली नव्हती. सगळ्याच साड्यांना हे चालणार नाही. लग्नाच्या शालूला नवरीच्या वयाची मुलगी लागते. पण रोजच्या, कार्यालयीन, सणाच्या साड्यांना आपल्या दुकानात रोज येणारे चेहरे चालतात. त्यांनाही मानधन द्या किंवा साडी द्या, फुकट नको, आणि कागदावर सही त्यांचीही घ्या.

कागद

एक पान पुरतं. तारीख, वेळ, रक्कम, फोटो कुठे वापरणार आणि किती काळ. इन्स्टाग्रामसाठी हो म्हटलेल्या मुलीला एक दिवस चौकात स्वतःचं होर्डिंग दिसलं तर ती का चिडणार नाही? बोर्ड, होर्डिंग, पेपरची जाहिरात हे वेगळं लिहा आणि त्याचे वेगळे पैसे द्या. फोटोग्राफरशीही बोलून घ्या. आपल्या कॉपीराईट कायद्यात, १९५७ च्या, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क साधारणपणे काढून घेणाऱ्याकडे येतो, पण फोटोग्राफरशी वेगळा करार केला असेल तर तो लागू होतो. म्हणून त्याच्या बिलावरच्या बारीक अटी वाचा. आणि फोटोचा हक्क तुमच्याकडे असला तरी मॉडेलची परवानगी ही वेगळी गोष्ट, ती घ्यायचीच.

१८ वर्षांखालच्या मुलीशी केलेला करार १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे धरला जात नाही. आई-वडिलांची सही आणि त्यांच्यापैकी कुणीतरी पूर्ण वेळ हजर, याशिवाय शूट करू नका. वय विचारायला लाजू नका, आधार बघा.

"न आल्यास १०,००० दंड" असं काही जण लिहून घेतात. त्याच कायद्याचं कलम ७४ म्हणतं की करारात रक्कम लिहिली म्हणून ती तशीच्या तशी मिळत नाही. वाजवी भरपाई, आणि तीही त्या रकमेच्या आत. आणि तीन हजारांच्या शूटसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? दंडाच्या ओळीने फक्त चांगली मुलगी घाबरते. त्याऐवजी दोन्ही बाजूंनी लिहा: तिने ४८ तास आधी कळवलं तर ॲडव्हान्स परत, त्यानंतर रद्द केलं तर ॲडव्हान्स आमचा. आम्ही ४८ तासांच्या आत रद्द केलं तर अर्धं मानधन तिचं. आजारपण, घरातलं दुःख याला सूट. ही दुसरी बाजू लिहिल्यापासून कुणी सही करायला खळखळ केली नाही. मागच्या पावसाळ्यात नदीचं पाणी वाढलं तेव्हा आम्हालाच शूट रद्द करावं लागलं, १,५०० पाठवून दिले. तिनेच फोन करून विचारलं, दुकानात पाणी आलं नाही ना?

शूट संपलं की बाकीचे पैसे ती मेकअप काढायच्या आत पाठवा. फोटोग्राफरकडून फाईल यायला दहा दिवस लागतात, हे तिला आधीच सांगा आणि अकराव्या दिवशी तिने विचारायच्या आधी लिंक पाठवा. उशीर होणार असेल तर उशीर होणार हे कळवा.

ती कोल्हापूरची मुलगी आमच्या शूटला नंतर आली नाही. मी दोनदा विचारलं, तिने दोन्ही वेळा नम्रपणे नाही म्हटलं. तिने तिची एक मैत्रीण मात्र पाठवली. मैत्रीण आली ती आईला घेऊन. आईने आधी चेंजिंग रूमची कडी लावून बघितली आणि मगच चहा घेतला.

पुढच्या व्हिडिओत फोटोतला रंग आणि हातातल्या साडीचा रंग वेगळा का दिसतो ते बघणार आहोत, रिटर्न त्यामुळेच येतात. त्यासाठी फोटोग्राफीच्या दुकानातून एक राखाडी कार्ड आणून ठेवा. तुमच्या शूटच्या मेसेजमध्ये काय लिहिता ते खाली कमेंटमध्ये टाका, नाव-नंबर काढून. एकेक बघून सुचवतो.